जोडीच्या मैदानात एकटा : टॅग फायटिंग गेम्समधल्या एकास एक लढतींचा इतिहास

आजच्या भागात आपण व्हिडिओ गेम्सच्या इतिहासातला एक छोटा, पण मला फार आवडणारा कोपरा बघणार आहोत. ज्यांनी आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरला नाही, त्यांनीही ऐका, कारण मुद्दा फक्त गेमचा नाहीये. मुद्दा असा आहे की, सोबत असलेल्या माणसाची किंमत नेमकी किती, आणि ती मोजायची कशी?

फायटिंग गेम म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असेल. पडद्यावर डावीकडे एक, उजवीकडे एक. वर दोघांच्या लाइफच्या पट्ट्या. ज्याची पट्टी आधी संपली तो हरला. यातलाच एक उपप्रकार म्हणजे टॅग फायटिंग गेम. इथे तुम्ही एक पात्र निवडत नाही, दोन किंवा तीन निवडता. एक लढतो, बाकीचे बाहेर थांबतात, आणि बटण दाबलं की अदलाबदल होते. खो-खोमध्ये पाठलाग करणारा बसलेल्याच्या पाठीवर थाप मारून खो देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो ना, साधारण तसंच.

आता गंमत अशी, की या जोडीच्या गेम्सच्या पोटात सुरुवातीपासून एक दुसरा खेळ दडलेला आहे. तो म्हणजे एकट्याने खेळायचा खेळ. जोडीसाठी बांधलेल्या मैदानात एकच पात्र घेऊन उतरायचं. कधी यंत्राच्या मर्यादेमुळे, कधी नियमाने सोय दिली म्हणून, आणि कधी बाकीचे सगळे पडले आणि आपण एकटेच उरलो म्हणून. बरेच खेळाडू याला ‘अर्धा गेम’ म्हणतात. मला ते पटत नाही. माझं म्हणणं असं, की टॅग गेम बनवणाऱ्याला जोडीदाराची खरी किंमत काय वाटते, हे बघायचं असेल तर त्याने एकट्या खेळाडूसाठी काय नियम केलेत ते वाचावं. किंमत तिथे लिहिलेली असते.

चला, सुरुवातीपासून बघू.

कुस्तीच्या रिंगणातून आलेली कल्पना

टॅग हा शब्द आला अमेरिकन व्यावसायिक कुस्तीतून. आपल्या मातीतल्या कुस्तीत जोडीदार नसतो. तिथे मल्ल एकटा उतरतो आणि चितपट झाला की विषय संपला. पण नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आल्यावर आपल्याकडच्या पोरांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ बघितलं, त्यांच्या फोटोंचे पत्ते जमवले, आणि कोपऱ्यात दोरी धरून उभा राहणारा, हात लांब करून टॅग मागणारा जोडीदार आपल्यालाही ओळखीचा झाला.

व्हिडिओ गेममध्ये ही कल्पना त्याआधीच पोहोचली होती. जपानच्या टेक्नोस कंपनीचा ‘टॅग टीम रेसलिंग’ हा आर्केड गेम १९८३ मधला. पण तो कुस्तीचा गेम होता, आपण ज्याला फायटिंग गेम म्हणतो तो नव्हे. फायटिंग गेमला खरा आकार दिला कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर टू’ ने, १९९१ मध्ये. तिथे सरळ हिशोब होता. तू एक, मी एक. तीनपैकी दोन राउंड जिंकेल तो पुढे.

मग १९९४ मध्ये एसएनके कंपनीने ‘द किंग ऑफ फायटर्स ९४’ काढला. त्यात आठ संघ होते, प्रत्येकात तीन जण, एकूण चोवीस पात्रं. पण लक्षात घ्या, हा टॅग गेम नव्हता. तुमचा पहिला पडला की दुसरा यायचा, दुसरा पडला की तिसरा. मधेच अदलाबदल नाही. जपानमध्ये ज्युदो आणि केंडोच्या सांघिक स्पर्धांत अशी पद्धत आहे, जिंकणारा मैदानातच राहतो आणि समोरच्या संघाचा पुढचा माणूस येतो. म्हणजे संघ तीन जणांचा, पण प्रत्येक लढत एकास एक. जोडीदार असूनही त्या क्षणी तुम्ही एकटेच.

दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, हे चित्र बदललं. एसएनकेने ‘किझुना एन्काउंटर’ काढला. त्यात लढता लढता अदलाबदल करता यायची, पण एका अटीवर. आधी मैदानाच्या आपल्या बाजूला आखलेल्या जागेत पोहोचायचं, मगच टॅग. कुस्तीच्या रिंगणातल्या कोपऱ्यासारखं. शिवाय दोघांतला एक जरी पडला तरी पूर्ण लढत हरली. त्याच वर्षी कॅपकॉमने ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ काढला, आणि त्यात कोपऱ्याची अटच नव्हती. मैदानात कुठेही असा, दोन बटणं दाबा, जोडीदार उडी मारत येतो आणि येता येता समोरच्याला फटका देतो. राउंडही नाहीत. दोघंही पडेपर्यंत एकच सलग लढत. बाहेर थांबलेल्याची लाइफ थोडी थोडी भरूनही येते.

पुढची जवळपास सगळी टॅग गेम्स याच दुसऱ्या वाटेने गेली.

जोडीदार बसेना, कारण जागा नव्हती

आता येतो माझा आवडता भाग. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या मशीनवर, हा गेम कॅपकॉमच्या सीपीएस-टू नावाच्या बोर्डावर चालायचा. तिथे पात्रांची सगळी चित्रं रॉम चिपांमध्ये असायची. चार पात्रं असोत की चौदा, हवं ते चित्र लगेच उचलता यायचं.

घरातल्या प्लेस्टेशनचं तसं नव्हतं. तिथे गेम सीडीवर. सीडीवरून वाचायचा वेग सेकंदाला साधारण ३०० किलोबाइट. लढाई चालू असताना सीडीवरून नवं पात्र आणायचं म्हटलं तर सगळं थांबवून वाट बघावी लागणार. म्हणून लढतीत लागणारी पात्रं आधीच मेमरीत भरून ठेवायला हवीत. आणि प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती फक्त २ मेगाबाइट, चित्रांसाठी वेगळी १ मेगाबाइट. या पात्रांचं प्रत्येक हातपाय हलवणं म्हणजे हाताने काढलेलं वेगळं चित्र. वुल्व्हरिनचा एक फटका म्हणजे अशी अनेक चित्रं. दोन पात्रं कशीबशी बसायची, तीही काही चित्रं गाळून. चार बसणं शक्यच नव्हतं.

सेगाच्या सॅटर्न या यंत्रावरही मुख्य मेमरी २ मेगाबाइटच होती. पण सॅटर्नला वरच्या बाजूला एक खाच होती आणि त्यात ४ मेगाबाइटचं जादा मेमरीचं कार्ट्रिज बसवता यायचं. १९९७ मध्ये जपानमध्ये सॅटर्नसाठी हा गेम आला तो या कार्ट्रिजसकट, आणि त्यात टॅग जसाच्या तसा होता.

१९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आला तेव्हा टॅग काढून टाकलेला होता. गेमचं नाव तेच, पात्रं तीच. तुम्ही दोन पात्रं निवडायचात, पण लढायचं फक्त पहिल्याने. राउंड परत आले. दुसरं पात्र अधूनमधून काही खास फटक्यांपुरतं पडद्यावर यायचं, फटका द्यायचं आणि निघून जायचं. एक पळवाट मात्र ठेवली होती. एका कोडने टॅग चालू करता यायचा, पण मग तुमचा जोडीदार म्हणजे समोरच्याचं मुख्य पात्र असायचं आणि त्याचा जोडीदार म्हणजे तुमचं. हिशोब लक्षात येतोय का? पडद्यावर चार लढवय्ये दिसतात, पण मेमरीत मात्र दोनच पात्रांची चित्रं. कमी जागेत संसार कसा करायचा, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

या पहिल्या टप्प्यात जोडीदाराची किंमत अशी शब्दशः मोजली गेली. ती मेगाबाइटमध्ये होती, आणि सोनीच्या यंत्राला ती परवडत नव्हती.

मी स्वतः हा गेम पहिल्यांदा खेळलो तो प्लेस्टेशनवरच, आमच्या भागातल्या एका गेम पार्लरमध्ये. पार्लर म्हणजे काय, एक गाळा, चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, तासावर पैसे. गर्दी असायची ती टेकन ३ च्या टीव्हीभोवती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर हा गेम चालायचा. आमच्यापैकी कुणीही आर्केडमधला मूळ गेम पाहिलेला नव्हता. त्यामुळे आमच्यासाठी तोच खरा गेम होता. दुसरा खेळाडू निवडायचा, तो एखादा फटका मारून पळून जाणार, बाकी सगळं आपणच निस्तरायचं. त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलंच नाही. उलट एकच पात्र घेऊन महिनोन्महिने बसलं की त्याचा प्रत्येक फटका किती लांब जातो, कुठला मारल्यावर आपण उघडे पडतो, हे हाताला पाठ होतं. आमच्याकडे एक दादा होता, तो फक्त रयू घ्यायचा. दुसरा कुणी घ्यायचाच नाही. त्याला हरवायला पोरं तास तास घालवायची.

मला तेव्हा माहीत नव्हतं, पण जपानमधल्या मासिकांत ज्याला उणीव म्हणत होते, तिच्यावर आमच्यासारखी कितीतरी पोरं जगभर शिकत होती.

टेकनचा वेगळा हिशोब

१९९९ मध्ये नामकोने आर्केडमध्ये ‘टेकन टॅग टूर्नामेंट’ आणला आणि २००० मध्ये तो प्लेस्टेशन टू बरोबर घरात आला. इथे जोडीदाराचा हिशोब कॅपकॉमपेक्षा वेगळा होता. बाहेर थांबलेल्याची लाइफ थोडी भरून यायची, ते ठीक. पण दोघांपैकी एकाची जरी लाइफ संपली, तरी राउंड हरला. दुसऱ्याची पट्टी पूर्ण भरलेली असली तरीही.

आता बघा यात काय होतं ते. कॅपकॉमच्या गेममध्ये जोडीदार म्हणजे दुसरं आयुष्य. एक गेला तरी दुसरा आहे. टेकनमध्ये जोडीदार म्हणजे जबाबदारी. तो वाचला पाहिजे आणि तुम्हीही वाचलं पाहिजे. बदल करायला पाच सेकंद उशीर झाला की दोघंही गेले.

याच गेममध्ये अजून एक बारकावा होता. जपानी भाषेत ‘नेत्सु’ म्हणजे उष्णता, ताप. मैदानातला जोडीदार मार खात असेल तर बाहेर उभ्या असलेल्याची पट्टी लुकलुकायला लागायची, आणि तो आत आला की काही वेळ त्याच्या फटक्यांचा जोर वाढलेला असायचा. पण हे सगळ्यांच्या बाबतीत सारखं नव्हतं. कथेत ज्यांचं एकमेकांशी जवळचं नातं, तो लवकर पेटायचा. ज्यांचं फारसं नातं नाही, तो उशिरा. आणि काही जण जोडीदार मेला तरी ढिम्म. नात्याला आकड्यात बसवण्याचा हा प्रयत्न मला आजही भारी वाटतो.

पण घरच्या आवृत्तीत नामकोने एक गोष्ट मुद्दाम दिली. मेन्यूमध्ये ‘वन ऑन वन’ असा वेगळा प्रकार होता. एक पात्र, टॅग नाही, टेकन ३ सारखी सरळ लढत. प्लेस्टेशन टू मध्ये मेमरी ३२ मेगाबाइट होती, जागेची अडचण उरली नव्हती. म्हणजे इथे एकट्याची लढत नाइलाजाने आलेली नाही, मागणी म्हणून आलेली आहे. टेकन ३ वर वाढलेली जी पिढी होती, तिला एकच पात्र जीव लावून खेळायचं होतं, आणि कंपनीला ते कळलेलं होतं.

तिघांचा गोंधळ आणि शेवटी उरलेला एक

त्याच २००० साली कॅपकॉमने ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ काढला. पात्रं ५६. संघ तिघांचा. आणि बाहेर थांबलेले दोघं आता नुसते थांबत नव्हते. एक बटण दाबलं की बाहेरचा आत येतो, एक ठरलेला फटका मारतो आणि परत जातो. याला म्हणतात असिस्ट. ही कल्पना कॅपकॉमच्या आधीच्या गेम्समध्ये येऊन गेली होती, पण इथे ती खेळाचा कणा झाली.

थोडं गणित करू. ५६ मधून वेगवेगळी तीन पात्रं निवडायची तर २७,७२० संघ होतात. प्रत्येक पात्राला असिस्टचे तीन पर्याय, म्हणजे प्रत्येक संघाचे सत्तावीस प्रकार. गुणाकार केला तर ७,४८,४४०. साडेसात लाख पर्याय! एकटा खेळणाऱ्याला मात्र पर्याय ५६.

प्रत्यक्षात स्पर्धांमध्ये मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल या चौघांचंच राज्य राहिलं. पण त्यांच्याबरोबर सायलॉक, सायक्लॉप्स, कॅप्टन कमांडो अशी नावंही सारखी दिसायची. का? तर त्यांच्या असिस्टसाठी. वरून उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारा एक नेमका फटका त्यांच्याकडे होता. त्यांचं काम हाक मारली की यायचं, फटका द्यायचा आणि जायचं. आपल्या ऑफिसातही असे लोक असतात, एका कामात उस्ताद आणि त्यासाठीच प्रत्येक टीमला हवेसे.

प्रश्न यायचा तो शेवटी. आधीचे दोघं पडले आणि हा असिस्टवाला एकटाच उरला तर? आता हाक मारायला कुणी नाही. समोरच्याकडे अजून दोघं-तिघं. टॅग गेममध्ये एकटं पडणं किती महाग असतं, ते इथे उघडं पडतं. असिस्ट म्हणजे नुसता जादा फटका नसतो. तुम्ही मोठा फटका मारला आणि तो चुकला, तर सावरायला वेळ लागतो, त्या वेळात समोरचा तुम्हाला मारतो. असिस्ट तोच वेळ भरून काढतो. जोडीदार तुमची धाडसं खपवून घेतो. तो नसला की प्रत्येक धाडसाची पूर्ण किंमत स्वतःच मोजायची.

एक फायदा मात्र एकट्याला असतो. या गेम्समध्ये एक खास फटका आहे, स्नॅपबॅक. तो लागला की मैदानातला माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच्या जागी बाहेरच्याला जबरदस्तीने आत यावं लागतं. दमलेल्या, लाइफ कमी असलेल्या जोडीदाराला असं खेचून आणून संपवायचं, ही नेहमीची चाल. पण ज्याच्या मागे कुणीच नाही, त्याच्या जागी कुणाला खेचून आणणार?

एकटेपणाचा राग

अकरा वर्षांनी, २०११ मध्ये, ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ३’ आला आणि त्यात कॅपकॉमने एकट्या उरलेल्याची थेट दखल घेतली. एक्स-फॅक्टर नावाची शक्ती दिली, लढतीत एकदाच वापरता येणारी. ती वापरली की काही वेळ पात्राचा जोर आणि वेग वाढतो, गमावलेली काही लाइफ परत भरते. आणि तुमचे जितके साथीदार पडलेले, तितकी ती जास्त तीव्र आणि जास्त वेळ टिकणारी. दोन्ही जोडीदार गमावल्यावर ती सगळ्यात भयंकर.

याचा परिणाम असा झाला, की शेवटी कोण उरेल याचा लोक आधीपासून विचार करायला लागले. दोरीखेचमध्ये सगळ्यात मागे जो दोर अंगाला गुंडाळून उभा असतो, त्याला अँकर म्हणतात. तोच शब्द इथे रुळला. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या ‘अल्टिमेट’ आवृत्तीत व्हर्जिल आणि स्ट्रायडर असे अँकर गाजले. आणि त्याही आधी, पहिल्या आवृत्तीत फिनिक्स. तिची लाइफ अख्ख्या गेममध्ये सगळ्यात कमी. पण संघाकडे शक्तीच्या पाच पट्ट्या जमलेल्या असताना ती पडली, तर ती मरत नाही, डार्क फिनिक्स होऊन उठते. २०११ च्या इव्हो स्पर्धेत, म्हणजे अमेरिकेत लास व्हेगासला भरणाऱ्या फायटिंग गेम्सच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, व्हिस्कँट या नावाने खेळणारा खेळाडू वेस्कर, हॅगर आणि फिनिक्स असा संघ घेऊन जिंकला. पहिले दोघं शक्ती जमवणार, तिसरी एकटी सगळं उलटवणार. आणि म्हणूनच समोरचे लोक स्नॅपबॅक मारून फिनिक्सला वेळेआधीच आत खेचायचा प्रयत्न करायचे.

अनेक जुन्या खेळाडूंना एक्स-फॅक्टर आवडला नाही. दोन माणसं गमावलेल्याला बक्षीस कशासाठी, असा त्यांचा सवाल. तक्रार अगदीच चुकीची नाही. पण कबड्डी बघणाऱ्यांना यात नवल वाटू नये. सुपर टॅकल आठवा. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना त्यांनी चढाईपटूला पकडलं, तर एक गुण जास्तीचा मिळतो. कमी माणसांनी तेच काम केलं, तर ते जास्त मोलाचं, हे तत्त्व खेळांनी मान्य केलेलं आहे.

पुढे ही कल्पना पसरली. २०१८ च्या ‘ड्रॅगन बॉल फायटरझेड’ मध्ये संघात जितके कमी लोक उरलेले, तितकी स्पार्किंग ब्लास्ट ही शक्ती जास्त वेळ टिकते. त्याच वर्षीच्या ‘ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल’ मध्ये तर रेझोनन्स ब्लेझ नावाची शक्ती जोडीदार पडल्यावरच वापरता येते. जोडीदार गेल्याचं दुःख, असं म्हणा हवं तर, पण तेही नियमात बसवलेलं.

स्वतःहून एकटं उतरणारे

आतापर्यंत आपण दोन प्रकारचे एकटे बघितले. एक, यंत्राने एकटं पाडलेला. दुसरा, लढता लढता एकटा उरलेला. तिसरा प्रकार सगळ्यात रंजक. जो पहिल्यापासूनच म्हणतो, मला जोडीदार नको.

याची मुळं आहेत ‘कॅपकॉम व्हर्सेस एसएनके’ मालिकेत. २००० च्या पहिल्या गेममध्ये प्रत्येक पात्राला ठरलेला भाव होता, एक ते चार, आणि संघाला एकूण चारच गुण. २००१ च्या दुसऱ्या भागात हे मोकळं केलं. चार गुण घ्या आणि एक, दोन किंवा तीन पात्रांत हवे तसे वाटा. चारही गुण एकालाच दिले तर त्याची लाइफ आणि फटक्याचा जोर दोन्ही वाढणार. इथे टॅग नव्हता, एकामागून एक लढायचं होतं. पण ‘एकटा विरुद्ध तिघं’ ही लढत नियमानेच बरोबरीची करायचा प्रयत्न इथे पद्धतशीर सुरू झाला.

ही कल्पना टॅगच्या गोंधळात नेली ‘स्कलगर्ल्स’ ने, २०१२ मध्ये. छोट्या स्टुडिओचा गेम, सुरुवातीला फक्त आठ पात्रं. त्याचा मुख्य रचनाकार माइक झायमाँट स्वतः ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ च्या स्पर्धा खेळलेला. त्याने नियम केला की, संघ एकाचा करा, दोघांचा करा नाहीतर तिघांचा. समोरच्याचा संघ तुमच्याएवढाच असायची गरज नाही. एकटा असेल त्याला सगळ्यात जास्त लाइफ, सगळ्यात जास्त मार. तिघं असतील त्यांचा एकेकाचा जोर कमी, पण असिस्ट आहेत, बाहेर बसून लाइफ भरून घेता येते.

म्हणजे बघा, इथे जोडीदाराचा भाव फळ्यावर लिहिलेला आहे. असिस्ट हवा? मग इतकी लाइफ सोडा. हा भाव बरोबर आहे का, यावर त्या गेमचे खेळाडू वर्षानुवर्षं वाद घालत आलेत, आणि रचनाकारांनीही आकडे पुन्हा पुन्हा हलवले. या गेमवर लोकांचा जीव किती होता, तर २०१३ मध्ये नवीन पात्रांसाठी त्यांनी लोकवर्गणी मागितली, दीड लाख डॉलरची. जमले ८ लाख २९ हजार.

स्कलगर्ल्स घरी आला त्याच वर्षी, २०१२ मध्ये, ‘टेकन टॅग टूर्नामेंट २’ ही घरी आला. त्यातही ही मोकळीक होती. दोन विरुद्ध दोन, एक विरुद्ध एक, किंवा सरळ एक विरुद्ध दोन. एकट्याला लाइफ जास्त. शिवाय चार माणसांनी चार कंट्रोलर घेऊन, एकेकाने एकेक पात्र सांभाळायचं, अशीही सोय होती. तो माणसांचा खराखुरा टॅग. कारण एरवी टॅग गेममध्ये ‘जोडी’ म्हटलं तरी ती दोन्ही पात्रं एकच माणूस चालवत असतो, हे आपण विसरून जातो.

आणि मला वाटतं, एकट्याने खेळण्याची ओढ इथूनच येते. दोन पात्रं शिकायची म्हणजे दुप्पट सराव नव्हे, त्याहून जास्त. पहिलं शिका, दुसरं शिका, मग दोघांचं एकत्र गणित शिका. कॉम्बोच्या मध्येच बदल कुठे करायचा, कुणाची लाइफ वाचवायची, कुणाला बळी द्यायचं. नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्याला हे झेपत नाही. टेकनचा पुढचा भाग, ‘टेकन ७’, २०१५ मध्ये आर्केडमध्ये आला तो टॅगशिवाय. २०२४ चा ‘टेकन ८’ देखील एकास एकच. मार्व्हलची मालिका २०१७ च्या ‘इन्फिनिट’ मध्ये तिघांवरून दोघांवर आली. टॅग संपला नाही, संपणारही नाही. पण एकास एक ही जी मूळ लढत, तिच्याकडे फायटिंग गेम पुन्हा पुन्हा परत येतो.

मग किंमत किती?

सगळं एकत्र मांडून बघू. १९९८ च्या प्लेस्टेशनवर जोडीदाराची किंमत होती मेमरीची जागा. टेकन टॅगमध्ये त्याची किंमत होती जबाबदारी, तो पडला की तुम्हीही पडलात. मार्व्हल २ मध्ये किंमत कळायची ती तो गेल्यावर, तुमच्या चुका झाकायला कुणी उरत नाही तेव्हा. मार्व्हल ३ ने एकटेपणाची नुकसानभरपाई दिली, तात्पुरती आणि स्फोटक. स्कलगर्ल्सने सरळ भाव लावला आणि निवड तुमच्यावर सोडली.

यात एक गोष्ट मला फार प्रामाणिक वाटते. एकट्याला भरपाई म्हणून लाइफ मिळते, जोर मिळतो, पण असिस्ट कधीच मिळत नाही. मिळूच शकत नाही. एकटा माणूस जास्त कणखर करता येतो, जास्त ताकदवान करता येतो. पण एकाच क्षणी दोन ठिकाणी असणं, ही गोष्ट फक्त जोडीला जमते. तीस वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांचे रचनाकार आकडे हलवत राहिले, तरी सोबतीची भरपाई सोबतीने करता आली नाही, दुसऱ्याच चलनात करावी लागली.

आणि उलटही खरं आहे. एकट्याने खेळणारा जे शिकतो, ते जोडीवाल्याला सहज मिळत नाही. अंतर किती ठेवायचं, कधी थांबायचं, कुठला फटका मारायचाच नाही. मागे कुणी नाही हे माहीत असलं, की माणूस प्रत्येक पाऊल बघून टाकतो. म्हणून टॅग गेममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला माझा सल्ला एवढाच असतो की, पहिले पंधरा दिवस एकच पात्र घेऊन खेळ. जिथे एकट्याची सोय असेल तिथे तशी, नसेल तिथे सराव मोडमध्ये. आधी आपला माणूस ओळख, मग त्याला जोडीदार शोध. नाहीतर होतं काय, दोन अर्धवट माणसं एकमेकांच्या भरवशावर उभी राहतात आणि एक पडला की दुसरा तीन सेकंदांत पाठोपाठ जातो.

तुमच्यापैकी कुणी प्लेस्टेशनवरचा तो टॅग नसलेला एक्स-मेन खेळला असेल, किंवा आजही टॅग गेममध्ये हट्टाने एकच पात्र घेऊन उतरत असेल, तर मला जरूर कळवा. कुठलं पात्र, आणि तेच का, एवढं लिहिलंत तरी पुरे. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या, खेळत राहा.